रिकाम्या डब्यांची रुजवात

माझी तक्रार आवाजाबद्दल नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. सीडीतून येणारा आवाज श्रेष्ठ की हार्ड डिस्कमधून येणारा, या प्रश्नावर आमच्या श्रोता मंडळातील प्रौढ, सुशिक्षित, निवृत्तिवेतन घेणारी माणसे एकमेकांच्या अंगावर धावून गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्या दृश्याची किळस अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही. एका गृहस्थांनी तर वायरीच्या जाडीवरून सख्ख्या साडूशी बोलणे टाकले. गाणे ऐकण्यासाठी जमलेल्या त्या माणसांत गाण्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे. खर्ज किती घट्ट आला, तंबोऱ्यामागची शांतता किती काळी आहे, एवढीच चर्चा. शांततेला रंग असतो हे ज्ञान मला उतारवयात त्या खोलीत प्राप्त झाले.

मी जिल्हा न्यायालयात नोकरी केली. नक्कल विभागात कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून बाहेर पडलो. नक्कल विभागाने मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे रुजवात. पक्षकाराला निकालाची नक्कल द्यायची असेल, तर एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नक्कलेवर बोट ठेवून ऐकायचे, आणि शब्दाला शब्द जुळला तरच शिक्का उमटवायचा. रुजवात न घेता शिक्का मारणाऱ्या माणसाविषयी मला जे वाटते ते छापण्याजोगे नाही.

आमच्या मंडळाची खोली सात रस्त्याजवळ, एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. खोलीत एका दिवंगत सभासदाने देणगी दिलेला जड, काळा सीडी प्लेअर होता. त्याचा खण इतक्या सावकाश आणि निःशब्द बाहेर येई की एखादा खानदानी नोकर तबक पुढे करतो आहे असे वाटावे. डाव्या भिंतीला लाकडी मांडणी होती आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत सीडींच्या डब्या उभ्या लावलेल्या होत्या. मंडळाची घटना मीच लिहिली. तिच्यात मी एक कलम घातले होते: "संग्रहातील कोणतीही तबकडी स्वहस्ते निवडून ऐकण्याचा हक्क प्रत्येक सभासदास राहील." त्या वेळी सर्वांनी माझी थट्टा केली. गाणे ऐकायला कलम कशाला, म्हणाले.

हे कलम ज्यांच्यासाठी घातले, ते माझे मित्र जन्मांध आहेत. सरकारी कचेरीत त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून आयुष्य काढले, म्हणून सारे त्यांना ऑपरेटर म्हणतात आणि ते मला शिरस्तेदार म्हणतात. त्यांचे घर विणकरांच्या वस्तीत. घरात बोलणे तेलुगूत, बाहेर आमचे सोलापुरी मराठी. घराला तिन्ही बाजूंनी यंत्रमाग लागून आहेत आणि टॉवेल विणणारे ते माग दिवसभर अखंड खडखडतात. "घरात रेडिओ लावला की निवेदक बिचारा नुसताच ओठ हलवतो," असे ते म्हणतात. सबब, गाणे ऐकायचे तर त्यांना ही एकच जागा. दुपारचे ऊन असो की आणखी काही, रिक्षा करून ते यायचे आणि माडीचा जिना चढायचे.

मांडणीवरील प्रत्येक डबीच्या कडेला एक जाड कागदाची पट्टी आम्ही दोघांनी मिळून चिकटवली होती. पट्ट्या जुन्या दिनदर्शिकांच्या पुठ्ठ्यांतून कापल्या. मी डबीवरचा मजकूर वाचायचा, त्यांनी सळईने टोचून ब्रेलची टिंबे उठवायची, आणि मग त्यांनी बोटाने वाचून दाखवायचे व मी डबीवर नजर ठेवायची. न्यायालयातल्यासारखी यथासांग रुजवात. एकदा त्यांनी गायकाचे नाव गाळले तेव्हा मी पट्टी फाडायला लावली.

"तुमी घरी बायकोला पण असंच फाडायला लावता का ओ?" त्यांनी विचारले होते.

या पट्ट्या तयार झाल्यावर त्यांचे ऐकणे बदलले. ते मांडणीपुढे उभे राहत आणि उजव्या हाताचे बोट डब्यांच्या कडांवरून सरकवत जात. कधी कधी नुसतेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"काय शोधताय?" मी एकदा विचारले.

"शोधत न्हाय ओ. फिरतोय. तुमी बाजारात फिरता तसं. दुकानात काय काय मांडलंय ते बघत, घेणं न घेणं नंतर."

मग कुठेतरी बोट थांबे. डबी निघे, खण सरके, आणि ते हसतच आपल्या खुर्चीवर येऊन बसत. काय ऐकायचे हे स्वतः ठरवून बसलेल्या माणसाचे ते हसणे होते.

आमचे अध्यक्ष कान-नाक-घशाचे डॉक्टर. ते एकदा पुण्याहून एक चकचकीत चांदीरंगी पेटी घेऊन आले. तिच्यात हार्ड डिस्क होती. तिचा कारभार एका काचेच्या पाटीवर, म्हणजे टॅबवर, बोट फिरवून चालायचा. डॉक्टरांनी आम्हाला व्याख्यान दिले. सीडी फिरत असते, तिच्यावरचा किरण फिरता फिरता वाचतो, ओरखडा आला की यंत्र अंदाजाने रिकामी जागा भरते. हार्ड डिस्कवर मात्र नक्कल करतानाच पुन्हा पुन्हा वाचून खात्री होते आणि वाजवताना गडबड राहत नाही. हे सर्व खरे असेलही. मंडळातल्या सीडीनिष्ठ गटाने त्यावर हल्ला केला: सीडीच्या आवाजाला ऊब असते, डिस्कचा आवाज दवाखान्यासारखा असतो, वगैरे. दवाखान्याचे नाव निघताच डॉक्टर वैयक्तिकरीत्या चिडले.

शेवटी असे ठरले की दोन्ही यंत्रे लपवायची, एकच गाणे दोन्हींवर वाजवायचे, आणि न्याय एका माणसाने द्यायचा. तो माणूस कोण? सगळ्यांच्या माना एकदम ऑपरेटरांकडे वळल्या. दृष्टी नाही म्हणजे कान तीक्ष्ण असणारच, हा अडाण्यांचा समज आमच्या मंडळात एकजात सर्वांचा निघाला, आणि ज्याने आयुष्यभर कान तपासले तो डॉक्टर त्यांत सर्वांत पुढे.

ऑपरेटरांना मधल्या खुर्चीवर बसवले. यंत्रांपुढे सोलापुरी चादर टांगली. न्याय देणारा अंध असताना पडदा कशासाठी, असे मी विचारले. पडदा इतरांसाठी आहे असे उत्तर मिळाले. एक ख्याल दोनदा वाजला. दोन्ही गटांचे लोक त्यांच्या तोंडाकडे असे पाहत होते की जणू फाशी सुनावली जाणार आहे.

"दोन्ही सारखंच हाय की," ऑपरेटर म्हणाले. "दुसऱ्या बारीला कुणीतरी खारे दाणे खात होतं, तेवढाच फरक."

सीडीनिष्ठ गट कोसळला. डॉक्टरांनी टाळी वाजवली. "संपलं! फरक नाही, म्हणजे सीडीची गरज नाही. सगळा संग्रह डिस्कवर घ्या आणि ती मांडणी काढा. त्या भिंतीवरून आवाज परततो, तिथं फोम लावायचाय."

मी उभा राहिलो. नक्कल झाली तरी मूळ प्रत फेकू नये, आणि नक्कलेची रुजवात कोणी घ्यायची ते ठरवावे, असे मी मांडले.

"शिरस्तेदार, ही मशीनची कॉपी आहे, तुमच्या कारकुनाची नव्हे," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. ठराव मंजूर.

जिना उतरताना ऑपरेटरांचा हात माझ्या खांद्यावर होता. मी धुमसत होतो. "तुम्हाला एवढे तरी म्हणता आले असते, की सीडी बरी आहे!"

"खोटं बोलू? आवाजाचं विचारलं, आवाजाचं सांगितलं. लावणार कोण, हे कुटं विचारलं कुणी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीच सांगता की ओ. साक्षीदारानं विचारलं तेवढंच बोलायचं असतंय म्हणून."

त्या पायरीवर मला जे लख्ख दिसले ते असे: त्या खोलीत वादमुद्दाच चुकीचा काढला होता. आवाजात फरक आहे काय? नाही. पण या माणसाच्या बाबतीत प्रश्न आवाजाचा कधी नव्हताच. काच गुळगुळीत असते. तिच्यावर बोट थांबायला जागा नसते. त्याच्याच तोंडून निकाल वदवून घेऊन त्यांनी त्याचाच हक्क काढून घेतला होता, आणि वर त्याला टाळ्या दिल्या होत्या. असल्या किळसवाण्या गोष्टी मी दिवाणी न्यायालयात पुष्कळ पाहिल्या, परंतु तिथे निदान फी तरी घेतली जात असे.

मांडणी गेली. तिच्या जागी करड्या रंगाचे फोमचे चौकोन आले. अंड्यांचा ट्रे भिंतीला चिकटवल्यासारखे ते दिसत. ऑपरेटर पहिल्या दुपारी आले, सवयीने डाव्या भिंतीकडे गेले आणि त्यांचा हात त्या मऊ चौकोनावर पडला. त्यांनी तो असा मागे घेतला की जणू अंधारात पालीवर पडला असावा.

डॉक्टर हजर होते. त्यांनी उत्साहाने टॅब त्यांच्या हाती दिला. ऑपरेटरांनी काचेवर बोट सरकवले आणि अचानक कुठलीशी बासरी सुरू झाली. पुन्हा सरकवले, ती थांबली आणि टाळ-मृदंग सुरू झाला. "आवाजी सूचना द्या ना! बोला त्याच्याशी," डॉक्टर म्हणाले. ऑपरेटरांनी सकाळच्या एका रागाचे नाव स्वच्छ उच्चारले. यंत्राने एका बाईच्या आवाजात इंग्रजीतून क्षमा मागितली. त्यांनी पुन्हा उच्चारले. यंत्राने लग्नातले नाचाचे गाणे लावले.

"आमच्या बोर्डावर असा ऑपरेटर असता तर साहेबानं त्याला तिसऱ्या दिवशी हाकलला असता," माझे मित्र म्हणाले. सगळे हसले, तेही हसले.

"अहो, कुणालाही सांगा, लावून देतील. इथं सगळे आपलेच आहेत," असे म्हणून डॉक्टर निघून गेले.

आणि तसेच झाले. कोणीतरी असायचे, कोणीतरी विचारायचे, "काय लावू ऑपरेटर?" पहिले काही दिवस ते नाव सांगत. समोरचा काचेवर शोधी, सापडत नाही म्हणे, हे चालेल का म्हणे. एका दुपारी मी खोलीत शिरलो तेव्हा कोणीतरी तोच प्रश्न विचारत होते आणि माझे मित्र गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "काहीही लावा."

या माणसाने काहीही हा शब्द कधी वापरला नव्हता. आजचा चहा कालच्यापेक्षा पातळ आहे हे तो कपाच्या आवाजावरून सांगून परत पाठवीत असे. त्यानंतर तो एक दिवसाआड येऊ लागला, मग आठवड्यातून एकदा.

मी अध्यक्षांस पत्र लिहिले. उपरोक्त कलमाचा हवाला दिला आणि सीडींचा संग्रह पूर्ववत करावा अशी मागणी केली. उत्तर आले की कलम तबकडीविषयी आहे, मंडळाकडे आता एकही तबकडी नाही, सबब कलम गैरलागू. वस्तू नष्ट करून वस्तूवरचा हक्क संपला असे म्हणणे! घर जाळून भाडेकरूला सांगावे की आता तू भाडेकरू कशाचा? मी दुसरे पत्र लिहिले, तिसरे लिहिले. पत्नी समोर गवार मोडत बसली होती.

"आता कुणाला?"

"धर्मादाय आयुक्तांना."

"ते येऊन गाणं लावणार आहेत का? त्या सीडी कुठं गेल्या ते आधी बघून या. इतकी वर्षं कोर्टात होता, मुद्देमाल ताब्यात घ्यायचा असतो हे मी सांगायचं?"

मी खजिनदाराला फोन लावला. हा गृहस्थ कुंभारीचा बागायतदार, मनाने मोकळा, बुद्धीनेही मोकळा. "सीडी व्हय? हायत की! आमच्या डाळिंबाच्या बागंत. पाखरांसाठी टांगल्यात. या की बगायला, हुरडा न्हाय पण डाळिंब देतो."

मी ऑपरेटरांना न सांगता जाणार होतो, परंतु त्यांना कळले आणि त्यांनी हट्ट धरला. रिक्षातून उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. बागेतल्या ओळींवर नायलॉनच्या दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि आमचा संग्रह मधल्या भोकांतून ओवून त्या दोऱ्यांवर लोंबत होता. प्रत्येक सीडी उन्हात डोळे दिपवीत होती. वारा आला की त्या एकमेकींवर आपटत.

"हा टिकटिक आवाज कसला ओ?" ऑपरेटरांनी विचारले.

"संग्रह आहे आपला," मी म्हणालो.

त्यांनी हात वर केला. एक सीडी हाताला लागली, मग दुसरी. त्यांनी कडा चाचपल्या, पाठ चाचपली. ओरखडे, धूळ, औषधाच्या फवाऱ्याचा चिकट थर. आणि त्यावर पाखरांची शीट. कारण पाखरे भीत नव्हती. त्याच दोऱ्यांवर ती निवांत बसली होती.

"पैल्यांदा लई भ्याली," खजिनदार सांगू लागला. "मंग सवय झाली बगा. आता हितंच बसत्यात अन् हितंच हागत्यात."

म्हणजे तिथेही त्यांचा उपयोग झाला नव्हता. किती विद्वानांनी या सीडींच्या उबेविषयी किती व्याख्याने दिली होती, आणि आता त्या ऊन खाऊन खरोखरच उबदार झाल्या होत्या. ऑपरेटर बोटे झटकीत उभे होते.

"ही कुटली, ती कुटली, काय कळंना," ते हळूच म्हणाले. "उघडी सीडी म्हणजे सगळ्या सारख्याच की."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. "डब्या कुठे आहेत?" मी खजिनदारावर ओरडलो.

"डब्या टांगून काय करू? त्या चमकत न्हाईत. मोटारीच्या खोलीत पोती भरून पडल्यात."

पाण्याच्या मोटारीच्या त्या कोंदट खोलीत, खताच्या थप्पीशेजारी पोती होती. मी एक मोकळे केले. ऑपरेटर फळांच्या उपड्या क्रेटवर बसले. मी एक डबी त्यांच्या हाती दिली. बोट कडेवर गेले, पट्टीवर थांबले, सरकले. आणि ते मोठ्याने वाचू लागले. गायकाचे नाव, राग, साथीदार. मी डबी पुढ्यात घेऊन पाहिले. शब्दाला शब्द जुळला. मी दुसरी दिली. ती जुळली. एकेक करता आम्ही पोते संपवले आणि खजिनदार दारात डाळिंबाचे दाणे खात, काही न समजता, पाहत राहिला. डब्या सगळ्या रिकाम्या होत्या. परंतु त्या माणसाचे बोट पुन्हा बाजारात फिरत होते.

डब्या आम्ही टेम्पोत घालून परत आणल्या. मंडळाच्या सभेत मी मागणी केली की मांडणी पुन्हा उभी करावी. ऑपरेटरांनी डबी निवडावी, हजर सभासदाने तीच चीज डिस्कवर लावावी. डॉक्टर म्हणाले की रिकाम्या डब्यांसाठी फोम काढणे हास्यास्पद आहे, त्याने आवाज बिघडेल. मी म्हणालो, "आवाज न बिघडवता एकच करा. मी नाव सांगतो, ते डिस्कवर शोधून दाखवा."

डॉक्टरांनी टॅब घेतला. बोट फिरवले. पुन्हा फिरवले. काचेवर ओळीने काय होते, ते शेजारच्याने वाचून दाखवले: "अज्ञात कलाकार. पहिला ट्रॅक. अज्ञात कलाकार. पहिला ट्रॅक." यंत्राने इंटरनेटवरून नावे आपोआप ओढली होती; जिथे मिळाली नाहीत तिथे सर्वांना अज्ञात करून टाकले होते, आणि जिथे मिळाली तिथे एका बुजुर्ग धृपदियाला मसाज आणि विश्रांती या सदरात बसवले होते. आवाज तंतोतंत होता. नावे नव्हती. रुजवात कोणीच घेतली नव्हती. इतके दिवस ही मंडळी काय ऐकत होती? पहिल्या पानावर जे येईल ते. खर्ज घट्ट आहे एवढे त्यांना पुरत होते.

तेव्हा कोठे मांडणीला मंजुरी मिळाली. ऑपरेटरांच्या हक्कासाठी नव्हे, तर स्वतःच्या सोयीसाठी; नावे आता फक्त त्या डब्यांवरच उरली होती. पुढच्या कित्येक दुपारी आम्ही दोघांनी डिस्कवरचे एकेक गाणे लावले, डब्यांच्या पाठीवरील चिजांशी ताडून पाहिले, भांडलो, काही सापडले नाही ते तसेच सोडले, आणि नावे भरली. हे काम झाल्यावर कार्यकारिणीने अंध सभासदांसाठी सुविधा निर्माण केल्याबद्दल स्वतःचेच अभिनंदन करणारा ठराव केला. त्या ठरावाची प्रत माझ्याकडे आहे. तिला हात लावला की मी हात धुतो.

कलम मात्र पूर्ण वसूल झालेले नाही. स्वहस्ते निवडून, असे मी लिहिले होते. निवड त्यांची झाली, लावणारा हात दुसऱ्याचाच आहे. तो हात माझा आहे, कारण इतर कोणावर माझा विश्वास नाही. मी रोज दुपारी जातो. ऑपरेटर मांडणीपुढे फिरतात, बोट थांबते, ते रिकामी डबी काढून माझ्यापुढे धरतात. मी ती किळसवाणी काच उघडतो. ती मला अद्ययावत होण्याची परवानगी मागते, कुठल्यातरी अटी मान्य करायला सांगते. अटी वाचल्याशिवाय मान्य करणे माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे वेळ लागतो.

पलीकडे खुर्चीवर माझे मित्र गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले असतात. आयुष्यभर साहेबलोक त्यांना ज्या सुरात विचारत, नेमक्या त्याच सुरात ते मला विचारतात.

"काय ओ, लागला का नंबर? का लाइन बिझी हाय?"

"थांबा जरा," मी ओरडतो.

"थांबलोय की. तुमी नवीन हाय, शिकाल."